आज्ञा संगणकाची, इमान स्क्रूचं

जेम्स वॉट आपल्याला शाळेतच भेटतो. किटलीचं थडथडणारं झाकण आणि त्याच्याकडे टक लावून बघणारा मुलगा ही गोष्ट सांगितली नाही, असे गुरुजी आमच्या काळी नव्हते. गोष्ट खरी किती, हा प्रश्न वेगळा. आगगाडीचं बोट धरून जॉर्ज स्टीफन्सनही येतो. हेन्री मॉड्सली मात्र शाळेत भेटत नाही. अभियंते त्याला ओळखतात, इंग्लंडात यंत्रं घडवणाऱ्या यंत्रांचा जनक म्हणून त्याचं नाव आदरानं घेतात; पण तो घराघरांत काही पोचला नाही. कारण उघड आहे. लोकांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवाव्यात, असं काही त्याच्या नावावर नाही. त्याच्या नावावर आहे तो स्क्रू. सरळ, नेमका, पहिला आटा जेवढा तेवढाच शंभरावा आटा असलेला स्क्रू.

आज संगणकाच्या हुकमानं लाकूड, ॲल्युमिनियम, पोलाद कापणारी यंत्रं गावोगावच्या औद्योगिक वसाहतींत दिसतात. आपण पडद्याकडे बघतो आणि संगणकाचं कौतुक करतो. पण हुकूम सोडणं निराळं आणि तो केसाइतकीही कसर न सोडता पाळणं निराळं. पाळण्याचं काम ज्या स्क्रूवर आणि ज्या सरकपट्ट्यांवर चालतं, त्यांची वंशावळ शोधत गेलं तर आपण लंडनमध्ये, अठराव्या शतकाच्या अखेरीला येऊन थांबतो. मी तिथे पोचलो तो एका कोटेशनमुळे.

माझा भाचा कोल्हापूरजवळ देव्हारे आणि कोरीव दारं बनवतो. गेल्या वर्षी त्यानं राउटर घ्यायचं ठरवलं. (घरात इंटरनेटचा जो डबा असतो त्यालाही राउटर म्हणतात, हा तो नव्हे.) हा राउटर म्हणजे एक मोठं टेबल, बहुधा आठ फूट बाय चार फूट, कारण प्लायवूड त्या मापात येतं. टेबलावर आडवा पूल, त्याला गॅन्ट्री म्हणायचं. पुलावर सरकणारी मोटर म्हणजे स्पिंडल आणि तिच्या तोंडाशी मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेणारं पातं. पूल मागेपुढे जातो, स्पिंडल डावीउजवीकडे आणि वरखाली. कुठून कुठे, किती वेगानं, किती खोल, हे संगणक सांगतो. दारावरची वेल एकदा चित्रात उतरवली की तीच वेल शंभर दारांवर उतरते.

मामानं अडतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी लघुउद्योगांची कर्जप्रकरणं चाळण्यात गेली, तेव्हा कोटेशन मामाला दाखवू, असा त्याचा विचार. कोटेशनं दोन होती. एक रंगीत, गुळगुळीत कागदावर. त्यात स्पिंडलचे किलोवॅट ठळक, सॉफ्टवेअरची दोन पानं, पडद्याचा फोटो. दुसरं साध्या कागदावर, किंमत जवळजवळ दीडपट. मशिनरीचं कोटेशन शेवटच्या पानापासून वाचायचं, ही माझी जुनी खोड. साध्या कागदाच्या शेवटच्या पानावर सांगाड्याचं वजन होतं, रेलची रुंदी होती, कोणत्या अक्षाला बॉल स्क्रू आणि कोणत्या अक्षाला रॅक-पिनियन ते होतं, वेल्डिंगनंतर सांगाडा तापवून त्यातला ताण काढला आहे का, तेही होतं. रंगीत कागदावर यातलं काहीच नव्हतं. हे शब्द मला फाइलींमुळे ओळखीचे होते, पण त्यांच्यामागचं कारण माहीत नव्हतं. ते शोधायला बसलो आणि सापडला एक सहा फूट दोन इंचांचा, धिप्पाड, हसरा लोहार.

हेन्री मॉड्सलीचा जन्म २२ ऑगस्ट १७७१चा. लंडनच्या पूर्वेला थेम्सकाठी वुलिच नावाचं गाव आहे, तिथे सरकारी तोफखान्याचा मोठा कारखाना होता. वडील मूळचे गाड्यांची चाकं बनवणारे. सैन्यात गेले, जखमी झाले आणि कारखान्याच्या भांडारात नोकरीला लागले. हेन्री नऊ वर्षांचा असताना ते वारले. बाराव्या वर्षी पोरगा त्याच कारखान्यात बंदुकीच्या काडतुसांत दारू भरू लागला. शाळा कसली आणि काय. दोन वर्षांनी त्याला सुतारशाळेत घातलं, पण त्याचं लक्ष शेजारच्या लोहारशाळेत. शेवटी पंधराव्या वर्षी त्याला भट्टीपाशी नेलं आणि तिथे तो फुलला. लोखंडी सळयांपासून तो चुलीपुढच्या तिवया घडवायचा. त्या इतक्या हलक्या हातानं आणि झपाट्यानं की पिकल्या केसांचे लोहार काम थांबवून बघायला जमत. त्या तिवयांची आठवण त्याला म्हातारपणीही सुखवायची.

कसबाची कीर्ती पायी चालत जाते. ती लंडनमध्ये जोसेफ ब्रामाच्या कानी गेली. ब्रामा हा विलक्षण डोक्याचा माणूस. १७८४ साली त्यानं कुणाला उघडता येणार नाही अशा कुलपाचं पेटंट घेतलं होतं. पण डोक्यातलं कुलूप लोखंडात उतरेना. आतल्या बारीक पट्ट्या आणि खाचा हातानं करायच्या तर एक कुलूप म्हणजे मोठं जिकिरीचं काम, आणि दुसरं पहिल्यासारखं होईलच याची खात्री नाही. त्यानं वुलिचच्या या कारागिराला बोलावलं. समोर उभा अठरा वर्षांचा पोरगा. सात वर्षांची उमेदवारी केल्याशिवाय कारागीर म्हणायचं नाही, असा तेव्हाचा दंडक. जुनी माणसं याच्या हाताखाली काम कशी करणार? तेव्हा मॉड्सलीनं बाकावरची एक झिजलेली व्हाइस दाखवली. संध्याकाळी सहाच्या घंटेच्या आत ती नव्यासारखी करून दिली तर कामावर घ्या, अशी त्याची अट. घंटा होण्याआधी व्हाइसच्या जबड्यांना नवं पोलाद बसलं होतं, दाते कापून, पाणी देऊन, कानशीनं घासून ती चकचकीत झाली होती. त्यानंतर वयाचा विषय कुणी काढला नाही.

ब्रामाच्या कारखान्यात त्यानं केलेली खरी गोष्ट कुलूप नव्हे. कुलपाचे भाग करणारी छोटी छोटी यंत्रं त्यानं केली. स्प्रिंग गुंडाळण्याचं यंत्र, खाचा पाडण्याचं यंत्र. म्हणजे नेमकेपणा माणसाच्या मनगटातून काढून लोखंडात ठेवला. पिकाडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगून ब्रामानं जाहीर केलं होतं की, जो उघडील त्याला दोनशे गिनी. ते कुलूप मॉड्सलीच्या हातचं, असं सांगतात. ते खिडकीत वर्षानुवर्षं तसंच राहिलं. १८५१ साली लंडनमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्यानं अनेक दिवस झटून ते उघडलं. तोवर ब्रामा आणि मॉड्सली दोघंही हयात नव्हते.

पुढचा भाग माझ्यासारख्या पगारदार माणसाच्या जिव्हाळ्याचा आहे. मॉड्सली कारखान्याचा मुख्य झाला. ब्रामाच्या घरी काम करणाऱ्या सारा टिंडेलशी त्यानं १७९१ मध्ये लग्न केलं. मुलं झाली. पगार आठवड्याला तीस शिलिंग. ब्रामाच्या पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसमध्ये दट्ट्याच्या कडेनं पाणी गळायचं. दाब वाढला की आपोआप घट्ट बसणारा चामड्याचा वाटीसारखा पट्टा याच माणसानं सुचवला आणि प्रेस चालू झाला, असं त्याच्याबद्दल लिहिलेलं आहे. १७९७ मध्ये त्यानं पगारवाढ मागितली. ब्रामानं ती अशी झिडकारली की मॉड्सलीनं त्याच वेळी नोकरी सोडायचं ठरवलं. मी कर्जप्रकरणं पाहत होतो तेव्हा असे कितीतरी अर्जदार समोर बसत. दुसऱ्याच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेले, हात सोन्याचे, तारण काही नाही. मालकानं चार पैसे वाढवले असते तर ते माझ्यासमोर आलेच नसते. देशातले निम्मे कारखाने मालकांच्या कंजूषपणातून जन्मले असावेत, असा माझा एक संशय आहे.

ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळच्या वेल्स स्ट्रीटवर त्यानं एक लहानसा गाळा घेतला. पहिलं काम मिळालं ते एका चित्रकाराचं, मोठ्या कॅनव्हाससाठी लोखंडी घोडी बनवण्याचं. हे काम करता करता त्याच्या मनातलं यंत्र आकार घेत होतं.

तेव्हाचा लेथ कसा होता? काम फिरायचं आणि कारागीर पटाशीसारखं हत्यार टेकणावर रेटून हातानं धरायचा. लाकडाला ते चालतं, लोखंडाला नाही. तासाभरानं मनगट थकतं आणि थकलेलं मनगट वेगळा व्यास कापतं. स्क्रूची तर आणखी पंचाईत. प्रत्येक बोल्टचे आटे वेगळे, त्याचा नट फक्त त्यालाच लागायचा. यंत्र उघडलं की कोणता नट कोणत्या बोल्टचा, हे खुणा करून ठेवावं लागे. लग्नाच्या मांडवातल्या चपलांसारखी गत. एक हरवली की दुसरी निरुपयोगी.

मॉड्सलीनं हत्यार माणसाच्या हातातून काढून एका सरकत्या पकडीत घट्ट बसवलं. ही पकड म्हणजे स्लाइड रेस्ट. कल्पना अगदी नवी नव्हती. पॅरिसमध्ये व्होकांसोननं आणि लंडनमध्ये रॅम्सडेननं त्या दिशेनं आधी काम केलेलं होतं. मॉड्सलीनं काय केलं, तर सगळं धातूचं केलं, दांडगं केलं आणि एकत्र आणलं. दोन तिकोनी दांडे, घासून घासून सरळ केलेले. त्यांवर सरकणारी पकड. पकडीला ओढत नेणारा लांब स्क्रू. आणि तो स्क्रू व फिरणारं काम यांना जोडणारी दातेरी चाकं. काम एक फेरा फिरलं की हत्यार ठरलेलं अंतरच पुढे सरकणार. चाकांची जोडी बदलली की अंतर बदलणार. १८००च्या सुमाराला हा लेथ पूर्ण रूपाला आला. त्यातली चाकं बदलणं आणि आज संगणकाला आकडे देणं, यांत मला जातीचा फरक दिसत नाही.

पण नेमका स्क्रू कापायला नेमका स्क्रू आधी हवा! तो कुठून आणायचा? इथे त्याचं डोकं बघा. मऊ धातूचा किंवा लाकडाचा गोल दांडा फिरवायचा आणि त्यावर चंद्रकोरीसारखी सुरी ठरावीक कोनात तिरकी टेकवायची. सुरी दांड्यात रुतते आणि आपल्याच तिरकेपणामुळे पुढे सरकत जाते, मागे आट्याची रेघ उमटते. कोन बदलला की आट्यांतलं अंतर बदलतं. हा झाला पहिला, कच्चा स्क्रू. त्याच्या चुका मोजायच्या, सुधारायच्या, त्यावरून दुसरा कापायचा, दुसऱ्यावरून तिसरा. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा सरळ. पुढे त्यानं पाच फूट लांबीचा एक स्क्रू केला, इंचाला पन्नास आटे. त्याचा नट बारा इंचांचा होता, म्हणजे एका वेळी सहाशे आटे सहाशे आट्यांत बसलेले. एकट्या-दुकट्या आट्याची चूक सहाशे आट्यांच्या गर्दीत विरून जाते, हे त्यामागचं तत्त्व.

भाच्याच्या कोटेशनमधला बॉल स्क्रू हा त्याचाच वंशज. फरक एवढाच की नटाच्या आत पोलादी गोळ्या फिरतात, त्यामुळे घर्षण कमी आणि मागेपुढे होताना जो हादरा बसतो, ज्याला वर्कशॉपमध्ये प्ले म्हणतात, तो जवळजवळ नाही. हिशेब सोपा आहे. साधी स्टेपर मोटर एका फेऱ्यात दोनशे पावलं टाकते. स्क्रू एका फेऱ्यात दहा मिलिमीटर सरकत असेल तर एका पावलाला पाच शतांश मिलिमीटर. संगणक इमानदारीनं पावलं मोजणार. पण नटात दोन दशांशाचा प्ले असेल, तर दिशा बदलताना मोटर चार पावलं फिरेल आणि पातं जागचं हलणार नाही. वर्तुळ कापायला सांगाल, निघेल अंडं. आठ फुटांच्या लांब अक्षाला मात्र स्क्रू सोयीचा नाही. एवढा लांब स्क्रू वेगानं फिरला की दोरीवरच्या उडीसारखा झोल खातो. तिथे रॅक-पिनियन बरं. साध्या कागदावरच्या कोटेशनमध्ये नेमकं तसंच होतं, आणि तेव्हापासून माझं मत त्या बाजूला झुकू लागलं.

१८०० नंतर मॉड्सलीकडे एक काम आलं, आणि ते लाकडाचं होतं. मार्क ब्रुनेल नावाचा फ्रेंच अभियंता क्रांतीच्या धामधुमीत देश सोडून आलेला. त्याच्याकडे जहाजाच्या कप्प्या यंत्रानं बनवण्याचे आराखडे होते. शिडाच्या एका मोठ्या युद्धनौकेला हजाराच्या आसपास कप्प्या लागत, आरमाराची वर्षाची गरज लाखाची, आणि समोर नेपोलियन. साउदॅम्प्टनचं टेलर घराणं पिढीजात कप्प्या पुरवायचं. ब्रुनेल आधी त्यांच्याकडे गेला, तर आमचं बरं चाललंय म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं. सरकारच्या वतीनं सॅम्युएल बेंथमनं योजना उचलली आणि १८०२ पासून पुढची पाच-सहा वर्षं मॉड्सलीनं पोर्ट्समथच्या गोदीसाठी चाळीसहून जास्त यंत्रं घडवली. तोवर लाकूडकामाच्या यंत्रांचे सांगाडे लाकडाचेच असत. यानं सगळे धातूचे केले.

त्यातलं एक यंत्र तर मला आजच्या राउटरचा पणजोबाच वाटतं. एका मोठ्या चाकाच्या परिघावर दहा ठोकळे बसवायचे, चाक गरगर फिरवायचं आणि पातं एका वक्र साच्याला टेकवून सरकवत न्यायचं. साच्याची जी वळणं तीच ठोकळ्यांना. एक बाजू झाली की दहाही ठोकळे पाव फेरा वळवायचे आणि पुढची बाजू. साचा म्हणजे लोखंडात लिहिलेला प्रोग्रॅमच. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये भोकं पाडलेल्या पट्टीवरून चालणारं मिलिंग यंत्र दाखवण्यात आलं, तेव्हा साच्याची जागा आकड्यांनी घेतली. बाकी सरकपट्ट्या आणि स्क्रू होतेच.

१८०८ पर्यंत पोर्ट्समथला वर्षाला १,३०,००० कप्प्या निघू लागल्या. पूर्वी एकशेदहा कसबी माणसं करायची ते काम आता दहा साधे मजूर करू लागले. टेलरांचा मक्ता गेला. उरलेली शंभर माणसं कुठे गेली, हे यंत्रांच्या इतिहासात लिहिलेलं नसतं.

भाच्याच्या कारखान्यात एक मिस्त्री आहेत. साठीला आलेले, देव्हाऱ्यावरचे पोपट आणि द्राक्षांचे घड त्यांच्या हातचे. कोटेशनांची चर्चा चालली होती तेव्हा ते बाजूला रंधा मारत होते, आणि त्यांचा रंधा मधूनमधून थांबत होता. आमच्या बँकेत १९८०च्या दशकात खातेवह्या लिहिणारी यंत्रं आली, तेव्हा मोत्यासारखं अक्षर असलेल्या एका ज्येष्ठ लेखनिकाचं पेन असंच मधे थांबायचं. तेव्हा मोर्चे निघाले, करार झाले, त्या पिढीच्या नोकऱ्या राहिल्या. मिस्त्रींच्या मागे युनियन नाही. त्यांनी मला एवढंच विचारलं की, भाऊसाहेब, हे यंत्र कोपरा कसा काढणार? मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी बोटानं लाकडावर दाखवलं. पातं गोल फिरणारं. चौकोनी खाच पाडायला सांगितली तरी आतला कोपरा पात्याच्या गोलाईएवढा गोलच राहणार. तिथे पटाशी मारावी लागेल. भाच्यानं ती नोंद करून घेतली.

गंमत अशी की, आतले कोपरे गोल असावेत, हा मॉड्सलीचाच आग्रह होता, पण लोखंडात. बिडाच्या ओतकामात आतला कोपरा काटकोनी ठेवला की ताण तिथे गोळा होतो आणि तडा तिथूनच जातो. आपल्या कारखान्यातल्या कुठल्याही यंत्राचा आतला कोपरा टोकदार राहिलेला त्याला खपत नसे. सांगाड्यात वजन नेमकं कुठे हवं आणि कुठे ते नुसतं बसून आहे, याचा तो सतत विचार करायचा. प्रत्येक तुकड्याला तू इथे कशाला आलास, असं विचारायची त्याची रीत होती. राउटरचा पूल निवडताना हेच विचारावं लागतं. पुलाची लांबी दुप्पट केली, बाकी सारं तेच ठेवलं, तर मध्यभागी तो दुप्पट नव्हे, आठपट वाकतो. चार फुटांचा पूल पुरत असेल तर उगाच सहा फुटी घेऊ नये, आणि घ्यायचाच तर तो त्या मानानं जाड हवा. भाच्याला सहा फुटी हवा होता. का, तर शेजारच्याकडे आहे. ते मी खोडून काढलं.

१८१०ला मॉड्सलीनं लॅम्बेथला, वेस्टमिन्स्टर ब्रिज रोडवर मोठा कारखाना उभारला. जोशुआ फील्ड हा हुशार सहकारी आधीच येऊन मिळाला होता, पुढे तो भागीदार झाला. वाफेची इंजिनं, विशेषतः बोटींची, ही या कारखान्याची खासियत. इंग्लंडहून निघून भारतात पोचलेली पहिली वाफेची बोट ‘एंटरप्राइझ’. ती १६ ऑगस्ट १८२५ला फाल्मथहून निघाली आणि ७ डिसेंबरला कलकत्त्याच्या वाटेवर हुगळीत शिरली. तिची इंजिनं मॉड्सलीची. थेम्सच्या पोटातून ब्रुनेलनं बोगदा खणायला घेतला, तेव्हा खणणाऱ्यांचं रक्षण करणारी लोखंडी ढाल इथेच बनली.

मला मात्र या कारखान्यातली दोन लहान माणसाळलेली साधनं जास्त आवडतात. एक होतं बाकावर ठेवायचं मोजमापाचं यंत्र. इंचाला शंभर आट्यांचा स्क्रू आणि त्याच्या चकतीवर शंभर खुणा, म्हणजे एक खूण म्हणजे इंचाचा दहा हजारावा भाग. कारखान्यात मापावरून वाद झाला की तुकडा तिथे न्यायचा. त्याच्यापुढे अपील नाही, म्हणून त्याचं नाव पडलं लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे तेव्हाचा इंग्लंडचा सर्वोच्च न्यायाधीश.

दुसरं साधन म्हणजे सपाट पाटे. प्रत्येक कारागिराच्या बाकावर एक पोलादासारखा सपाट पाटा असे. आपलं काम त्यावर टेकवून बघायचं, रंग जिथे लागला तिथे उंचवटा. आता पाटाच सपाट आहे हे कशावरून? दोन पाटे एकमेकांवर घासले तर ते एकमेकांना चिकटतील खरे, पण एक फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट असू शकतो. म्हणून तीन घ्यायचे आणि आळीपाळीनं जोड्या लावायच्या. तिन्ही जोड्या जुळायच्या तर तिन्ही सपाट असण्यावाचून गत्यंतर नाही. ही रीत पुढे जोसेफ व्हिटवर्थनं जगापुढे मांडली, पण तो मॉड्सलीच्याच हाताखाली तयार झालेला. आपल्या हार्डवेअरच्या दुकानांत बीएसडब्ल्यू म्हणून जे बोल्ट मागतात त्यातला डब्ल्यू हाच व्हिटवर्थ. राउटर बसवल्यावर पहिल्या दिवशी त्याच्याच पात्यानं त्याच्याच टेबलावरचा एमडीएफचा थर सपाट करून घेतात. भाच्याला वाटलं, झालं टेबल सपाट. मी त्याला म्हटलं, यंत्रानं स्वतःला स्वतःच्या मापानं सपाट ठरवलंय. एक सरळ पट्टी बाहेरून आणून लावून बघ. पूल वाकडा असेल तर टेबलही तसंच वाकडं कापलं जाणार आणि दोघांचं छान जमणार.

रिचर्ड रॉबर्ट्स, जेम्स नॅस्मिथ, जोसेफ क्लेमेंट हेही त्याच्याच तालमीतले. क्लेमेंट मॉड्सलीकडे मुख्य आरेखक होता. चार्ल्स बॅबेजला आपलं गणित करणारं यंत्र, म्हणजे आजच्या संगणकाचा दूरचा पूर्वज, घडवून हवं होतं, तेव्हा त्याचे हजारो सारखे भाग कापायला त्यानं धरला तो हाच क्लेमेंट. म्हणजे हुकूम सोडणाऱ्याचं आणि पाळणाऱ्याचं घराणं मुळात एकच.

स्वतः मॉड्सली अखेरपर्यंत बाकावर उभा राहायचा. एवढा मोठा मालक झाला, चार मुलांपैकी दोन धंद्यात आली, तरी मोठी कानस हातात घेतली की जुने कामगार बघायला थांबत. माणसाच्या हाताची गरज कमी करणारी यंत्रं ज्यानं केली, त्याच्यासारखा हात त्या कारखान्यात दुसऱ्या कुणाला नव्हता. मला वाटतं, म्हणूनच त्याला ती करता आली. मनगट कुठे चुकतं, हे चांगल्या मनगटालाच कळतं. भाच्याकडे राउटर आता चालू आहे. आम्ही जड सांगाड्याचा घेतला आणि किंमत बसवायला पाती आपोआप बदलणारी सोय सोडून दिली. पातं हातानं बदलायला दोन मिनिटं लागतात. मिस्त्री आहेत. कोपरे काढतात, पोपटांना डोळे देतात, आणि पात्याच्या आवाजावरून लाकूड जळायला लागलंय का, ते सर्वांत आधी त्यांनाच कळतं. मात्र दरवर्षी दिवाळीनंतर त्यांच्या हाताखाली शिकायला दोन पोरं यायची, ती यंदा घेतली नाहीत. भाच्याकडे त्यासाठी हिशेब आहे आणि तो बरोबर आहे. पोपटांना डोळे देणारा यापुढे तयार कुठे होणार, ही रक्कम त्या हिशेबात कुठल्या रकान्यात मांडायची, ते मला बँकेत कुणी शिकवलं नाही.

आयुष्याच्या शेवटी मॉड्सलीला आकाशाचं वेड लागलं होतं. चोवीस इंची आरशाची दुर्बीण स्वतः बनवायची, त्यासाठी वेगळं घर घ्यायचं, असे बेत चालले होते. त्याचा शेवटचा साहाय्यक नॅस्मिथ १८२९ साली, विशीत, स्वतः केलेलं छोटं वाफेचं इंजिन काखोटीला मारून नोकरी मागायला आला होता; त्याच्याशी तो आरशाच्या धातूबद्दल बोलत बसायचा. जानेवारी १८३१ मध्ये तो फ्रान्समध्ये आजारी मित्राला भेटून खाडी ओलांडून परत येत होता. बोटीवर थंडी बाधली. घरी येऊन अंथरुणाला खिळला आणि फेब्रुवारीच्या मध्यावर गेला. वय एकोणसाठ. त्याला वुलिचच्याच चर्चच्या आवारात पुरलं. कबरीवरचं स्मारक दगडाचं नव्हतं, बिडाचं होतं, आणि त्याचा आराखडा त्यानं स्वतःच करून ठेवला होता.

दुर्बीण राहून गेली. नॅस्मिथनं पुढे स्वतःचा कारखाना काढला, वाफेच्या घणानं नाव कमावलं, आणि फावल्या रात्रींसाठी आपल्या हातानं एक दुर्बीण बनवली. तिच्यातून चंद्र न्याहाळून त्यानं त्यावर लिहिलेलं पुस्तक १८७४ साली निघालं. तिचा आरसा वीस इंची होता.